निकालाविना दिवस : गोल्फमधील सराव फेरी आणि तिचा प्रेक्षक

व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचा आठवडा सामान्यतः दोन भागांत विभागलेला असतो. गुरुवार ते रविवार या चार दिवसांत दररोज १८ होलची एक फेरी खेळली जाते आणि चार फेऱ्यांच्या ७२ होलांत ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजेता ठरतो; त्याआधीचे सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे दिवस खेळाडूंना मैदानाची ओळख करून घेण्यासाठी मोकळे ठेवलेले असतात. ही विभागणी केवळ सोयीची नाही, कारण फटक्यांच्या एकूण मोजणीवर निकाल ठरणाऱ्या प्रकारात, म्हणजे ‘स्ट्रोक प्ले’मध्ये, स्पर्धेच्या दिवशी स्वतःची फेरी सुरू होण्यापूर्वी त्याच मैदानावर सराव करण्यास नियमांची मनाई आहे, आणि त्यामुळे सरावाला स्वतंत्र दिवस देणे भागच पडते. या दिवसांच्या खेळाला ‘सराव फेरी’ म्हणतात. तिच्यात गुण मांडले जात नाहीत, कोणी जिंकत वा हरत नाही, तरीही ती पाहण्यासाठी आज प्रेक्षक पैसे मोजतात आणि काही स्पर्धांत त्यासाठी सोडतीत नशीब अजमावतात. ज्या दिवशी काहीच ठरत नाही त्या दिवसाला एवढे मोल कसे आले, या प्रश्नाचे उत्तर सरावाच्या इतिहासापेक्षा मैदानाच्या फाटकाच्या इतिहासात अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये असे फाटकच नव्हते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या वालुकामय, खुरट्या गवताच्या जमिनींवर, ज्यांना ‘लिंक्स’ म्हणतात, गोल्फ खेळला जाई, आणि यांपैकी अनेक जमिनींवर गावकऱ्यांचा वावर मुक्त असे. १८६० मध्ये प्रेस्टविक येथे ‘ओपन’ अजिंक्यपद स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा केवळ आठ खेळाडूंनी १२ होलच्या मैदानाच्या तीन फेऱ्या एकाच दिवशी पूर्ण केल्या. त्या काळी लोकांना खरे आकर्षण होते ते पैजेच्या सामन्यांचे. दोन नामवंत खेळाडू मोठ्या रकमेसाठी एकमेकांविरुद्ध उतरत, त्यांच्यामागे गावेच्या गावे लोटत आणि प्रेक्षक खेळाडूच्या खांद्याला खांदा लावून चालत. या मोकळीकीची दुसरी बाजू १८७० मध्ये मसलबर्ग येथे दिसून आली. थोरले टॉम मॉरिस आणि विली पार्क यांच्या सामन्यात स्थानिक जमावाने इतका व्यत्यय आणला की मॉरिस व पंच रॉबर्ट चेंबर्स यांनी खेळ थांबवून जवळच्या मद्यगृहात आसरा घेतला, आणि पार्कने उरलेले होल एकट्यानेच खेळून विजयावर हक्क सांगितला. प्रेक्षकाला जोवर सर्वत्र आणि सर्वकाळ मुक्त प्रवेश होता, तोवर सरावाचा दिवस आणि सामन्याचा दिवस यांत त्याच्या दृष्टीने फरक होता तो फक्त चुरशीचा; जवळिकीच्या बाबतीत दोन्ही सारखेच होते.

ही स्थिती बदलण्यास १९२५ ची ओपन स्पर्धा कारणीभूत ठरली. प्रेस्टविक येथेच झालेल्या या स्पर्धेत अखेरच्या फेरीपूर्वी मॅकडॉनल्ड स्मिथ हा मूळचा स्कॉटिश खेळाडू पाच फटक्यांनी आघाडीवर होता. परंतु त्याचा विजय पाहण्यासाठी आलेल्या बेशिस्त गर्दीतून वाट काढत खेळताना त्याने ८२ फटके घेतले आणि विजेतेपद जिम बार्न्सकडे गेले. २४ वेळा ओपन भरवलेल्या प्रेस्टविकला त्यानंतर हा मान पुन्हा मिळाला नाही. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, रॉयल लिदम अँड सेंट ॲन्स येथे ओपनसाठी प्रथमच प्रवेशशुल्क आकारण्यात आले. नव्या व्यवस्थेचा काटेकोरपणा विजेत्यालाही सोसावा लागला. शेवटच्या दिवशीच्या दोन फेऱ्यांमधील विश्रांतीनंतर परतलेल्या बॉबी जोन्सजवळ खेळाडूचा बिल्ला नसल्याने द्वारपालाने त्याला अडवले, तेव्हा त्याने सामान्य प्रेक्षकाप्रमाणे तिकीट काढून आत प्रवेश केला आणि ती स्पर्धा जिंकली. प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आणि मैदानाच्या देखभालीसाठी उत्पन्न असे दोन्ही हेतू शुल्काने साधले. त्याबरोबरच कोणत्या दिवसाचे मोल किती, हा पूर्वी कधी न पडलेला प्रश्नही उपस्थित झाला.

सरावाचे दिवस या मूल्यमापनात साहजिकच खालच्या पायरीवर राहिले. पण तज्ज्ञ प्रेक्षकाला त्यांचे महत्त्व कळू लागले होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९५३ ची कार्नुस्टी येथील ओपन. अमेरिकेचा बेन होगन या स्पर्धेत पहिल्यांदाच आणि एकदाच खेळला, आणि त्यासाठी तो सुमारे दोन आठवडे आधी स्कॉटलंडमध्ये दाखल झाला. ब्रिटनमध्ये त्या वेळी १.६२ इंच व्यासाचा चेंडू वापरला जाई, तर अमेरिकेत १.६८ इंचांचा, लहान चेंडू वाऱ्यात वेगळा वागतो आणि किनाऱ्यावरील कठीण जमिनीवरून मारण्याची पद्धतही निराळी असते, म्हणून होगनला आपला खेळ जणू नव्याने बसवावा लागला. एकाच होलवर तो डावीकडे, मध्यभागी आणि उजवीकडे असे वेगवेगळे चेंडू मारून पाही आणि कोणत्या बाजूने पुढचा फटका सोपा जातो याचा अंदाज बांधी. ग्रीनवरून, म्हणजे होल जिथे असतो त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवरून, उलट चालत येऊन तो मैदानाची रचना समजून घेई. कार्नुस्टीचे रहिवासी स्वतः गोल्फ जाणणारे असल्याने हा अभ्यास त्यांनी कुतूहलाने न्याहाळला. होगनने ७३, ७१, ७० आणि ६८ अशा उत्तरोत्तर सरस फेऱ्या खेळून चार फटक्यांनी विजय मिळवला, तेव्हा त्या यशाची घडण डोळ्यांदेखत पाहिलेला एक प्रेक्षकवर्ग तेथे आधीपासूनच होता.

याच सुमारास अमेरिकेत प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील अंतर ठरवणारे दुसरे साधन आले, ते म्हणजे दोर. १९५४ मध्ये बाल्टस्रोल येथे झालेल्या यू. एस. ओपनमध्ये टीपासून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत प्रत्येक होलच्या दोन्ही बाजूंना दोर बांधण्यात आले. याच स्पर्धेचे प्रथम देशव्यापी दूरचित्रण झाले. तोवर प्रेक्षक फेअरवेवरून, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, खेळाडूच्या मागोमाग चालत असे; आता त्याची जागा कडेला निश्चित झाली. मसलबर्ग आणि प्रेस्टविक येथील अनुभवांनंतर हा बदल अटळ होता, परंतु त्यामुळे खेळाडूशी बोलणे, त्याचा विचार ऐकणे आणि त्याची तयारी जवळून पाहणे यांना स्पर्धेच्या दिवशी वाव उरला नाही. या गोष्टी सरावाच्या दिवसांकडे सरकल्या.

हे स्थित्यंतर जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल क्लबच्या इतिहासात सर्वांत स्पष्टपणे उमटले आहे. १९३० मध्ये एकाच वर्षी चार प्रमुख अजिंक्यपदे मिळवून निवृत्त झालेल्या बॉबी जोन्सने क्लिफर्ड रॉबर्ट्स या अर्थव्यवहारातील सहकाऱ्याबरोबर, फ्रुटलँड नावाच्या जुन्या रोपवाटिकेच्या ३६५ एकर जमिनीवर हा क्लब उभारला. मैदानाची आखणी जोन्स व ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी केली. मार्च १९३४ मध्ये येथे पहिली निमंत्रितांची स्पर्धा झाली, तीच पुढे ‘मास्टर्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. महामंदीच्या त्या काळात क्लबची आर्थिक स्थिती नाजूक होती आणि प्रेक्षक मिळवणे हीच खरी अडचण होती. लांब फटक्यांच्या चढाओढी आणि प्रात्यक्षिके यांसारखे कार्यक्रम मुख्य स्पर्धेच्या जोडीला ठेवले गेले. १९३७ पासून क्लबचे सदस्य हिरवे कोट घालू लागले, तेही माहिती विचारू इच्छिणाऱ्या प्रेक्षकांना ते चटकन ओळखता यावेत म्हणून. विजेत्याला असा कोट देण्याची प्रथा १९४९ मध्ये सुरू झाली, म्हणजे आज विजयाचे चिन्ह मानली जाणारी ही वस्तू मुळात प्रेक्षकांच्या सेवेसाठी होती. पुढे १९५० च्या दशकातही रॉबर्ट्सने जवळच्या लष्करी तळावरील सैनिकांना विनामूल्य प्रवेश दिला, आणि त्यांच्यातूनच अरनॉल्ड पामर या खेळाडूच्या चाहत्यांचा ‘आर्नीची फौज’ हा प्रसिद्ध जमाव नावारूपाला आला.

१९५६ मध्ये मास्टर्सचे दूरचित्रण सुरू झाले आणि पामर, जॅक निक्लॉस व गॅरी प्लेअर यांच्या चुरशीमुळे स्पर्धेची लोकप्रियता झपाट्याने वाढली. चारही दिवसांच्या प्रवेशासाठी दिला जाणारा बिल्ला दरवर्षी त्याच धारकाला पुन्हा मिळण्याची पद्धत असल्याने नव्या प्रेक्षकाला शिरकावच राहिला नाही. १९७२ मध्ये प्रतीक्षायादी सुरू करावी लागली आणि १९७८ मध्ये तीही इतकी लांबली की बंद झाली. एकेकाळी प्रेक्षक शोधत फिरणारी स्पर्धा अशा रीतीने चार दशकांत काही ठरावीक कुटुंबांपुरती मर्यादित झाली. सर्वसामान्य माणसाला उघडा राहिलेला दरवाजा सरावाच्या दिवसांचा होता, कारण त्यांची तिकिटे फाटकावर जाऊन कोणालाही घेता येत. परिणामी या दिवसांची गर्दी वाढत गेली, आणि १९९५ पासून सराव फेऱ्यांची तिकिटेही संख्येने मर्यादित करून आगाऊ अर्ज व सोडत यांद्वारे देण्याची पद्धत लागू झाली. पुढे स्पर्धेच्या दिवसांचीही थोडी तिकिटे सोडतीत आली, तरी बहुसंख्य लोकांना ऑगस्टाचे मैदान आयुष्यात एकदा पाहण्याची संधी मिळते ती सोमवार ते बुधवार याच दिवसांत.

येणारा प्रेक्षक बदलला तसे या दिवसांचे स्वरूपही बदलले आणि त्यांना स्वतःचे विधी प्राप्त झाले. १९५८ मध्ये क्लबने नऊ आखूड होलचे एक छोटे मैदान तयार केले, ज्याचा प्रत्येक होल तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते. अशा अपेक्षित संख्येला ‘पार’ म्हणतात. १९६० पासून स्पर्धेच्या पूर्वसंध्येला, म्हणजे बुधवारी, तेथे ‘पार थ्री’ चढाओढ होऊ लागली आणि पहिल्या वर्षी सॅम स्नेडने ती जिंकली. खेळाडूंची मुले व नातवंडे कॅडी म्हणून, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारे सहायक म्हणून, पांढऱ्या पोशाखात वावरतात आणि क्वचित एखादा फटकाही मारतात, हे दृश्य प्रेक्षकांना विशेष प्रिय आहे. या चढाओढीचा विजेता २०२५ पर्यंत एकदाही त्याच वर्षी मास्टर्स जिंकू शकलेला नाही, आणि त्यामुळे ती जिंकणे अशुभ ही समजूत खेळाडूंतही इतकी रुजली आहे की काही जण आपल्या फटक्यांची नोंद मुद्दाम अपूर्ण ठेवतात. मुख्य मैदानाच्या १६व्या होलवर तळे आहे. सराव फेरीत तेथे पोहोचलेल्या खेळाडूने पाण्याच्या पृष्ठभागावर टप्पे घेत चेंडू पलीकडच्या ग्रीनवर पोहोचवावा असा प्रेक्षकांचा आग्रह असतो. २००९ मध्ये विजय सिंग आणि २०१२ मध्ये मार्टिन कायमर यांचे असे फटके थेट होलमध्ये गेले. मोबाइलला येथे सर्वच दिवशी बंदी असली तरी छायाचित्रणाचा कॅमेरा सरावाच्या दिवसांत आणता येतो.

तथापि, सराव फेरीला केवळ करमणूक समजणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल, कारण याच काळात तिचे तांत्रिक स्वरूपही अधिक सूक्ष्म झाले. निक्लॉसने १९६१ पासून डीन बीमन या सहखेळाडूच्या सूचनेवरून झाडे, वाळूचे खड्डे यांसारख्या खुणांपासून ग्रीनपर्यंतची अंतरे पावलांनी मोजून वहीत नोंदवण्यास सुरुवात केली आणि ही पद्धत सर्वमान्य झाली. ऑगस्टात १९८२ पर्यंत क्लबचेच स्थानिक कृष्णवर्णीय कॅडी खेळाडूंना घ्यावे लागत आणि ग्रीनच्या उतारांचे पिढीजात ज्ञान त्यांच्याकडे असे. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचे कॅडी आणण्याची मुभा मिळाल्यावर हे ज्ञान बाहेरून आलेल्यांना सरावाच्या तीन दिवसांत मिळवणे आवश्यक झाले. म्हणूनच सराव फेरीत खेळाडू त्या दिवशीच्या होलकडे फारसे लक्ष न देता, पुढील चार दिवसांत होल जिथे कापला जाण्याचा संभव असतो त्या जागांकडे चेंडू सोडून पाहतो, एकाच ठिकाणाहून तीन-चार वेळा मारतो आणि कॅडीशी चर्चा करून टिपणे घेतो. जाणत्या प्रेक्षकाला यात जे दिसते ते दूरचित्रवाणीवर दिसत नाही, कारण प्रक्षेपणाला फटक्याचा परिणाम टिपायचा असतो आणि येथे परिणामाआधीचा विचार उघड झालेला असतो.

२०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मास्टर्स नोव्हेंबरात आणि प्रेक्षकांविना झाली, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट घडली. १६व्या होलवर जॉन रामने सराव फेरीत मारलेला चेंडू तळ्यावर टप्पे घेत होलमध्ये गेला आणि त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. आग्रह धरणारा जमाव नसतानाही प्रथा पाळली गेली, यावरून ती आता प्रसंगाच्या पलीकडे जाऊन खेळाचा अंगभूत भाग झाली आहे हे दिसते. मात्र ती निर्माण झाली होती ती प्रेक्षकाच्या उपस्थितीमुळेच. इतर स्पर्धांनीही या दिवसांची किंमत ओळखली आहे. २०२४ मध्ये ऑगस्टाच्या सराव फेरीचे तिकीट १०० डॉलर होते, तर २०२५ च्या बेथपेज येथील रायडर चषक या सांघिक स्पर्धेच्या सरावासाठी २५० डॉलरांहून अधिक मोजावे लागले.

दीड शतकाच्या या वाटचालीत सराव फेरीचा खेळ मूलतः फारसा बदलला नाही. बदलली ती तिच्या भोवतालची व्यवस्था. शुल्क, दोर, दूरचित्रण आणि वारशाने चालणारे बिल्ले यांनी स्पर्धेच्या दिवसांतून प्रेक्षकाला टप्प्याटप्प्याने दूर सारले, आणि जुन्या लिंक्सवरील जवळीक ज्या दिवसांत कोणाचे काही बिघडण्याची भीती नव्हती त्या दिवसांत टिकून राहिली. आता त्या दिवसांनाही सोडत, मर्यादा आणि चढे दर लागू झाले आहेत. १९२६ मध्ये अडचणीच्या गर्दीवर उपाय म्हणून बसवलेले फाटक अखेर आठवड्याच्या सर्व दिवसांभोवती फिरले, आणि सराव फेरीचे आजचे आकर्षण हा बऱ्याच अंशी त्या फाटकाचाच परिणाम आहे.