मिलोची भाकरी आणि साडेसात रुपयांचा डॉलर

ताटात भाकरीचा तुकडा राहिला की माझी आजी आजही म्हणते, "मिलो खाल्ली असतीत तर कळलं असतं." लहानपणी मला मिलो म्हणजे दुधात घालायची पावडर वाटायची. ती होती अमेरिकेहून येणारी लाल ज्वारी, रेशनवर मिळणारी. १९६६ साली आजीचं नुकतंच लग्न झालं होतं. सोलापूर जिल्ह्यातली, मालदांडीवर वाढलेली मुलगी. तिच्या हाताखाली ही भाकरी थापताना चिरायची. "तिकडं जनावरांना घालतात म्हणे," हे तिला तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचा क्लायंट अमेरिकन. रुपया घसरला की ऑफिसच्या ग्रुपवर हसरे इमोजी येतात, कारण कंपनीचं बिलिंग डॉलरमध्ये असतं. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन येतो, आवाज पडलेला. बहिणीची फी पण डॉलरमध्येच असते. एकाच आकड्याचे एकाच घरात दोन अर्थ. हा आकडा ठरतो कसा आणि त्यात सरकारच्या हातात किती असतं, हे शोधताना मी वाचत वाचत मागे गेलो आणि थेट आजीच्या परातीपाशी येऊन थांबलो.

अमेरिकेत १९५४ साली एक कायदा झाला, पब्लिक लॉ ४८०. तिकडे शेतकऱ्यांचं धान्य गोदामांत उरत होतं, इकडे आपल्याला कमी पडत होतं. हे धान्य डॉलर न देता रुपयांत घेता यायचं. ४ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मून तीनच दिवस झाले असताना, मुंबईचे नेते आणि केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत मोठा करार केला: चार वर्षांत १.७ कोटी टन धान्य. सोय उत्तम होती. वाचलेलं परकीय चलन पोलाद आणि यंत्रांकडे वळवता येत होतं. शेतीचा प्रश्न मात्र पुढे ढकलला जात होता.

आमच्या भाषेत याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. दुसऱ्याची सर्व्हिस वापरून आपण काम भागवतो, आणि ती चालू असेपर्यंत ती आहे हेही विसरून जातो.

१९६५ मध्ये ती अडखळली. पाकिस्तानशी युद्ध झालं, अमेरिकेने दोन्ही देशांची मदत रोखली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. आदल्या वर्षी सुमारे ८.९ कोटी टन असलेलं धान्योत्पादन ७.२ कोटी टनांवर आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षांचे करार थांबवून धान्य थोडं थोडं, जवळपास महिन्याच्या हिशेबाने मंजूर करायला सुरुवात केली. दोर आखूड ठेवायचा, म्हणजे दिल्ली शेतीकडे लक्ष देईल आणि बोलताना जरा जपून बोलेल.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या आणि मार्चअखेर वॉशिंग्टनला पोचल्या. धान्य हवं होतं आणि थांबलेली मदतही. जागतिक बँकेचा आग्रह होता की रुपयाचं अवमूल्यन करा, आयातीवरची बंधनं सैल करा. ६ जून १९६६ पासून डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. जे यंत्र ४७६ रुपयांना येत होतं, ते एका रात्रीत ७५० चं झालं.

कागदावर यामागे तर्क होता. रुपयाची अधिकृत किंमत फुगलेली होती. ती उतरली की आपला माल बाहेर स्वस्त होतो, निर्यात वाढते. पण त्याच वेळी निर्यातदारांच्या जुन्या सवलती काढल्या गेल्या, ताग आणि चहावर निर्यातकर बसला, आणि १९६६ मध्येही पाऊस कमीच पडला. निर्यात वाढायची तशी वाढली नाही, भाव मात्र चढले. काँग्रेस अध्यक्ष कामराज संतापले. लोकांना एवढंच दिसलं की सरकार अमेरिकेपुढे वाकलं.

महिन्याभरात इंदिराबाई मॉस्कोत होत्या. तिथल्या संयुक्त निवेदनात उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवण्याची मागणी होती. वॉशिंग्टनला ते झोंबलं, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात धान्याच्या मंजुऱ्या रखडल्या. परराष्ट्र धोरण आणि रेशनचं दुकान ही दोन खाती वेगळी नव्हतीच.

इथवर ही गोष्ट नामुष्कीची वाटते. पण त्याच १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं, बुटक्या आणि भरघोस जातींचं. शेतीवर पैसा लावा, असा दबाव जॉन्सन यांचाही होता. पण कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम १९६४ पासून स्वतःच्याच सरकारशी यासाठी भांडत होते. त्यांनी दिल्लीतल्या बंगल्याच्या हिरवळीवर गहू पेरून दाखवला. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या रानात प्रात्यक्षिकं केली. १९६४-६५ मध्ये सुमारे १.२३ कोटी टन असलेला गहू १९७०-७१ मध्ये सुमारे २.३८ कोटी टन झाला.

दोन्ही निर्णयांमागे बाहेरचा दाब होता. मग एक निर्णय घाव म्हणून आठवतो आणि दुसरा यश म्हणून, असं का? मला जे दिसलं ते असं. अवमूल्यन गुपचूप झालं. लोकांसमोर उभं राहून 'हे माझं' म्हणणारं कुणी नव्हतं. बियाण्याला आधीपासून एक धनी होता, आणि ते शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. अडचणीतल्या सरकारला समोरची मागणी निवडता येत नाही. त्यातलं काय आपलं करायचं, हे मात्र निवडता येतं, आणि त्यासाठी तयारी आधीपासून लागते.

तयारी करणाऱ्याला बक्षीस मिळतंच असं नाही. १९६७ च्या निवडणुकीत स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून हरले. सुब्रमण्यमही हरले. कारणं वेगवेगळी होती, पण करार करणारा आणि बियाणं आणणारा, दोघेही घरी गेले.

अवमूल्यनाची भीती मात्र पंचवीस वर्षं टिकली. १९९१ मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, तेव्हा सरकारने रुपया दोन टप्प्यांत उतरवला: १ जुलैला थोडा, ३ जुलैला आणखी. पहिल्या टप्प्यानंतरची ओरड ऐकून दुसरा थांबवावा असं नरसिंह रावांना वाटलं होतं. निरोप पोचला तोवर रिझर्व्ह बँकेचं काम झालं होतं. या वेळी मात्र त्याच महिन्यात नवं व्यापार धोरण आलं, उद्योगांवरचे परवाने सैल झाले आणि मनमोहन सिंग यांनी संसदेत उभं राहून अर्थसंकल्पाची जबाबदारी घेतली. माझी नोकरी त्याच महिन्याची दूरची नात आहे.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे सगळं आजीला सांगितलं: जॉन्सन, साडेसात रुपये, मॉस्को. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "डॉलरचं आम्हाला काय कळतंय बाबा. रेशनवाला सांगायचा, 'जहाज आलं न्हाई, पुढल्या आठवड्यात या.' मी तवर समुद्र बघितलेला नव्हता. पण रोज जहाजाची वाट बघायचे."