रोमचं पाणी कोण पळवत होतं? एका वॉटर इन्स्पेक्टरची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

आजची सुरुवात एका मेसेजपासून. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी टाकतंच, "पाणी आलं का?" मग बी विंगवाले म्हणतात आलं, सी विंगवाले म्हणतात नाही आलं. तिसरा विचारतो, मेन मीटरवर एवढे युनिट दिसतात, मग आमच्या टाकीत का नाही? आणि शेवटी सगळे मिळून वॉचमनला नाहीतर वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला शिव्या घालतात.

हेच भांडण जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी रोम शहरात चाललं होतं. ते सोडवायला जो माणूस बसला, त्याने आपल्या कामाचा सगळा हिशेब लिहून ठेवला. तो हिशेब आजही वाचायला मिळतो. त्याचं नाव सेक्स्टस ज्युलियस फ्रंटिनस.

साल इ.स. ९७. नेर्व्हा नुकताच सम्राट झालाय. तो फ्रंटिनसला 'कुराटोर आक्वारुम' नेमतो, म्हणजे शहराच्या पाण्याचा मुख्य अधिकारी. हा काही ज्युनियर इंजिनियर नव्हता. कॉन्सल होऊन गेलेला, ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला, आजच्या वेल्समधल्या सिल्युरेस टोळ्यांशी लढलेला, युद्धातल्या डावपेचांवर पुस्तक लिहिलेला माणूस. आपल्याकडचा असा मोठा साहेब पाणीखात्यात आला असता तर काय केलं असतं? केबिनमध्ये बसला असता आणि हाताखालच्यांनी आणलेल्या कागदांवर सह्या केल्या असत्या.

फ्रंटिनसला नेमकं हेच नको होतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की साहेबाने हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर काम चालवावं, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. हाताखालचे लोक लागतातच, पण ते हातासारखे असावेत, डोकं आपलं असावं. म्हणून त्याने आधी स्वतः खातं शिकून घेतलं. नऊ जलवाहिन्यांचे नकाशे काढून घेतले. कुठे दरी आहे, कुठे नदी ओलांडली आहे, कुठे डोंगराच्या कडेने नाली जाते, हे सगळं त्यात होतं. हे आपलं गूगल मॅप्सच म्हणा ना!

आता ही सिस्टीम समजून घेऊ, नाहीतर पुढची चोरी कळणार नाही.

रोमची पहिली जलवाहिनी आप्पिया, इ.स.पू. ३१२ मधली. फ्रंटिनसच्या वेळेपर्यंत अशा नऊ झाल्या होत्या. त्यातली मार्सिया साधारण ९० किलोमीटर लांब. आपल्याला फोटोत त्या उंच कमानी दिसतात, पण या वाहिन्यांचा बराचसा भाग जमिनीखालून जायचा. पंप नाही, मोटर नाही. सगळं पाणी उतारावर वाहत शहरात यायचं. तिथे वाटप टाक्या होत्या, फ्रंटिनसने मोजल्या तेव्हा २४७. त्या टाक्यांतून पाणी जायचं सार्वजनिक हौदांना, कारंज्यांना, स्नानगृहांना आणि काही श्रीमंतांच्या घरी. पुणेकरांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी आणलेलं पाणी पेठांमधल्या हौदांत यायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे. साधारण तसंच. रोममध्ये असे सार्वजनिक हौद ५९१ होते आणि सामान्य माणसाचं पाणी म्हणजे हे हौद.

घरात नळ हवा असेल तर? खुद्द सम्राटाचं पत्र लागायचं. ते पत्र माणसाच्या नावावर, घराच्या नावावर नाही. माणूस गेला किंवा घर विकलं की कनेक्शन रद्द. नव्या मालकाने नवा अर्ज करायचा.

आता प्रश्न येतो, मोजायचं कसं? पाणी रात्रंदिवस वाहतंय, मीटर नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. रोमन लोकांनी शक्कल लढवली: पाणी मोजता येत नाही ना, मग भोक मोजा. टाकीच्या भिंतीत ब्राँझची एक नळी बसवायची, तिला म्हणायचे 'कालिक्स'. तिची लांबी निदान १२ अंगुळं. ब्राँझच का? शिसं मऊ असतं, ठोकून भोक मोठं करता येतं. ब्राँझ सहजासहजी वाकत नाही. कालिक्सवर सरकारी शिक्का. आणि तिच्यापुढे पहिले ५० फूट पाइप तेवढ्याच मापाचा हवा, कारण लगेच मोठा पाइप जोडला तर पाणी जास्त ओढलं जातं. मापाचं एकक होतं 'क्विनारिया', म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाच्या नळीतून येणारं पाणी. आजच्या मापात तो व्यास होतो सुमारे २.३ सेंटिमीटर.

तर आता आपला फ्रंटिनस जुनी सरकारी वही उघडतो. नऊ वाहिन्यांतून येणारं एकूण पाणी: १२,७५५ क्विनारिया. लोकांना वाटलेलं एकूण पाणी: १४,०१८ क्विनारिया.

थांबा. परत ऐका. आलं १२,७५५ आणि वाटलं १४,०१८! जमेपेक्षा खर्च १,२६३ ने जास्त. मी दिवसभर डेटाबेस बघतो, त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसूच आलं. दोन टेबल जुळत नाहीत, आणि वर्षानुवर्षं कुणी ती शेजारी ठेवून पाहिलीच नाहीत.

फ्रंटिनस वहीवर वाद घालत बसला नाही. तो मोजायला गेला. उगमापाशी, वाटेत गाळ बसवायच्या टाकीपाशी, मग शहरात. आणि निघालं भलतंच. मार्सिया वाहिनीत वहीप्रमाणे २,१६२ क्विनारिया होत्या. उगमापाशी त्याच्या मापाने भरल्या ४,६९०. दुपटीहून जास्त! सगळ्या वाहिन्या मिळून वहीपेक्षा साधारण १०,००० क्विनारिया पाणी जास्त होतं. कुणी म्हणेल, पावसाळ्यात मोजलं असेल. तर त्याचं उत्तर तयार आहे: मी जुलैत मोजलंय, आणि उन्हाळाभर पाणी तसंच टिकलं. सुरुवातीला ज्यांनी अंदाज बांधले त्यांनीच ते निष्काळजीपणे बांधले, असं तो म्हणतो.

म्हणजे शहरात पाणी कमी नव्हतंच. भरपूर होतं. मग जात कुठे होतं?

इथून पुढे त्याचं पुस्तक क्राईम थ्रिलर होतं.

चोरी नंबर एक, नळीच्या मापात. ज्या मोठ्या नळ्यांतून कर्मचारी पाणी घ्यायचे, त्या मूळ मापापेक्षा मोठ्या. ज्या मापाच्या नळ्यांतून लोकांना द्यायचे, त्या लहान. घेताना मोठा शेर, देताना लहान शेर! मधलं पाणी विकायला मोकळं.

चोरी नंबर दोन, उंचीत. एका ड्रमला सारख्या मापाची दोन भोकं पाडा, एक वर आणि एक खाली. खालच्यातून जास्त जोरात पाणी येतं. टाकीत सगळ्या नळ्या एका रेषेत बसवायच्या असा नियम होता. ज्याच्याकडून पैसे मिळाले त्याची नळी थोडी खाली.

चोरी नंबर तीन, जुनं भोक. कनेक्शन नव्या मालकाच्या नावावर झालं की टाकीला नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचंच नाही. त्यातलं पाणी आपलं.

चोरी नंबर चार, सगळ्यात भारी. रस्त्याच्या फरसबंदीखालून जाणाऱ्या पाइपांना जागोजाग भोसकून वाटेतल्या दुकानदारांना पाणी विकायचं. हे भोसकण्याचं काम करणारा माणूसच वेगळा होता आणि धंद्यात त्याला नावही होतं. फ्रंटिनसने हे पाइप खणून काढले. त्यातून शिसंच इतकं निघालं की चोरी केवढी होती, ते शिशाच्या ढिगावरूनच कळत होतं.

आणि शहराबाहेर? ज्यांच्या शेतांना लागून वाहिनी जाते ते जमीनदार थेट वाहिनीलाच भोकं पाडायचे. का? बागेला पाणी द्यायला. शहराचं पाणी वाटेतच संपायचं. यावर कायदा होता, इ.स.पू. ९ मधला. दंड १,००,००० सेस्टर्स. कायदा होता, अंमल नव्हता. ही ओळ आपल्याला नवी नाही.

मग त्याने केलं काय? खात्यात ७०० माणसं होती. २४० सरकारी आणि ४६० सम्राटाच्या मालकीची. त्यात टाक्या सांभाळणारे, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे, आणि 'किर्किटोर' म्हणजे फिरून तपासणी करणारे. खरे इन्स्पेक्टर हेच. ही माणसं बड्या लोकांच्या खासगी कामांना जुंपली जात होती. फ्रंटिनसने नियम केला: उद्या कोण काय करणार ते आदल्या दिवशी ठरवायचं, आणि आज काय केलं ते रोज नोंदवायचं. रोज सकाळी दहा वाजता आमची स्टँडअप मीटिंग असते, तिला आम्ही आधुनिक समजतो!

पाणीपट्टीचे साधारण २,५०,००० सेस्टर्स वर्षाला यायचे. ते आधीचा सम्राट डोमिशियनच्या खिशात जात होते, नेर्व्हाने ते परत जनतेच्या खात्यात आणले. मार्सियाचं थंड, स्वच्छ पाणी गढूळ पाण्यात मिसळत होतं. ते वेगळं करून पिण्यासाठी राखलं आणि गढूळ पाणी बागांना दिलं. चोरांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. त्याने जमेल तितकी नावं उघड केली नाहीत. ज्यांनी ताकीद मिळाल्यावर रीतसर अर्ज केला, त्यांना रीतसर पाणी मिळालं. वर्षानुवर्षं खात्यानेच दुर्लक्ष केलं होतं, म्हणून सरसकट दंडुका चालवायला तो तयार नव्हता.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. प्रामाणिक साहेब, चोर कर्मचारी. मीही आधी असंच वाचलं होतं. पण मंडळी, इथे एक बग आहे.

फ्रंटिनस भोकाचं क्षेत्रफळ मोजत होता, पाण्याचा वेग नाही. सारख्या मापाच्या दोन नाल्या घ्या. एकीत पाणी संथ आणि दुसरीत जोरात असेल, तर दोन्हींतून येणारं पाणी सारखं नसणार. हे त्याला कळत होतं. वेगाने येणारं पाणी मापापेक्षा जास्त भरतं, असं तो लिहितोही. पण वेग आकड्यात धरायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. म्हणजे उगमापाशी जास्त आणि शहरात कमी, हा जो फरक त्याला दिसला, त्यातला काही भाग खरी चोरी, काही गळती, आणि काही चक्क मोजण्याची चूक असणार. कोणता किती, ते त्याच्या मापाने ठरवता येत नाही.

आणि आता ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याकडे बघा. ते ७०० लोक कोण होते? गुलाम. 'सम्राटाच्या मालकीचे' असं मी मघाशी म्हणालो, ते शब्दशः खरं आहे. त्यातल्या काहींनी पाणी विकलं, यात शंका नाही. शिशाचा ढीग खोटं बोलत नाही. पण जमिनीखालच्या नाल्यांत उतरून गिलावा करणाऱ्या, रात्री-अपरात्री टाक्या सांभाळणाऱ्या माणसांनी पुस्तक लिहिलं नाही. विकत घेणारा दुकानदार, बाग भिजवणारा जमीनदार, गुलामांना आपल्या कामाला लावणारा सरदार, यांच्यापैकीही कुणी आपली बाजू लिहून ठेवली नाही. त्यांच्याकडे मात्र नाव झाकण्याची सोय होती. सगळ्या प्रकरणाचा एकच लॉग उरलाय आणि तो साहेबाचा आहे.

तोही जेमतेम उरला. मध्ययुगात या पुस्तकाची एक प्रत इटलीत मोंते कासिनोच्या मठात पडून होती. १४२९ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी नावाच्या विद्वानाला ती सापडली, म्हणून आज आपण हे बोलतोय.

तरी फ्रंटिनस मला मोठाच वाटतो. त्याचं माप अपुरं होतं, पण वही आणि पाणी जुळत नाही हे दिसल्यावर तो वही घेऊन पाण्यापाशी गेला. आपले आकडे उघड लिहून ठेवले, म्हणून तर आज आपण त्याची चूक काढू शकतो. चूक काढता येईल असा हिशेब ठेवणं, हेही इन्स्पेक्टरचंच काम आहे.

तर उद्या सकाळी ग्रुपवर "पाणी आलं का?" येईल, आणि कुणीतरी वॉल्व्हवाल्या काकांचं नाव घेईल, तेव्हा एक करा. आधी खाली जाऊन मेन मीटर बघा. मग टाकीची पातळी बघा. दोन्ही आकडे लिहा, आठवडाभर. आणि काकांनाही विचारा, पाणी कुठे अडतं ते. बहुतेक त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आजच्यापुरतं इतकंच. एपिसोड आवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर नक्की टाका, तिथे त्याची खरी गरज आहे! भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत नळ नीट बंद करा. नमस्कार.