एका देशात पुतळा, दुसऱ्या देशात फाशीचा डाग: कोण होता हॅरी बँडहोल्ट्झ?

हंगेरीची राजधानी बुडापेस्टमधल्या स्वातंत्र्य चौकात एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचा पुतळा आहे. राष्ट्रीय संग्रहालय लुटीपासून वाचवणारा माणूस म्हणून हंगेरी त्याला मान देते. फिलिपिन्सच्या इतिहासात मात्र हेच नाव एका क्रांतिकारकाच्या फाशीशी जोडलेलं आहे. हा अधिकारी म्हणजे हॅरी हिल बँडहोल्ट्झ.

फिलिपिन्समध्ये अमेरिका कशी आली?

१८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. फिलिपिनो लोकांनी तोवर आपलं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यामुळे १८९९ मध्ये नव्या मालकांशीच युद्ध पेटलं. लोकांमध्ये मिसळून लढणाऱ्यांना नुसतं सैन्य आवरू शकत नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९०१ मध्ये 'फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरी' हे सशस्त्र पोलीस दल उभं राहिलं. शिपाई स्थानिक, वरचे अधिकारी बहुतेक अमेरिकन. दलाचे पहिले प्रमुख होते हेन्री अ‍ॅलन.

बँडहोल्ट्झची कार्यपद्धती

मिशिगन राज्यात १८६४ मध्ये जन्मलेला बँडहोल्ट्झ वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून १८९० मध्ये बाहेर पडला. फिलिपिन्समध्ये आल्यावर त्याने स्थानिक पुढाऱ्यांशी इतकी जवळीक साधली, की १९०२ मध्ये तो तायाबास प्रांताचा गव्हर्नर म्हणून चक्क निवडून आला. पुढच्याच वर्षी तो कॉन्स्टॅब्युलरीत दाखल झाला.

बंदुकीपेक्षा माहिती आणि ओळखीपाळखी यांवर त्याचा भर असे. खबऱ्यांचं जाळं, पुढाऱ्यांवर पाळत आणि सोयीच्या माणसांना पुढे आणणं ही त्याची हत्यारं होती. तायाबासचा तरुण वकील मॅन्युएल केझॉन याला राजकारणात वर येताना बँडहोल्ट्झचं पाठबळ मिळालं. हाच केझॉन १९३५ मध्ये फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष झाला.

कायदाही सरकारच्या मदतीला होता. १९०२ च्या दरोडेखोरीविरोधी कायद्याने सशस्त्र टोळीत नुसतं सामील असणं हाही मोठा गुन्हा ठरला आणि त्याला फाशीपर्यंतची शिक्षा होती. म्हणजे कालचा स्वातंत्र्यसैनिक आज कागदोपत्री दरोडेखोर! १९०३ पासून बंडखोर भागातल्या गावकऱ्यांना घरंदारं सोडायला लावून ठरावीक ठिकाणी आणून ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला.

साकाय प्रकरण

मनिलाच्या टोंडो भागातला माकारिओ साकाय क्रांतीत पडण्याआधी न्हावीकाम आणि शिंपीकाम करायचा, नाटकांतही भूमिका करायचा. बाकीचे नेते शरण गेल्यावरही त्याने 'तागालोग प्रजासत्ताक' जाहीर करून लढा चालू ठेवला.

१९०६ मध्ये कामगार नेते डोमिनाडोर गोमेझ मध्यस्थ म्हणून त्याच्याकडे गेले. फिलिपिनो लोकांची निवडून आलेली विधानसभा स्थापन व्हायची आहे, तुमची लढाई तिच्या आड येते आहे, असं त्यांनी साकायला पटवलं. जिवाला धोका नाही, असा भरवसाही मिळाला. जुलैमध्ये साकाय डोंगरातून खाली उतरला. मनिलात लोकांनी त्याचं जोरदार स्वागत केलं.

काही दिवसांतच त्याला आणि त्याच्या साथीदारांना कॅव्हिटेमधल्या एका मेजवानीला बोलावण्यात आलं. तिथेच त्यांना नि:शस्त्र करून अटक झाली. ही सगळी वाटाघाट आणि सापळा यामागे बँडहोल्ट्झ होता. खटला दरोडेखोरीचा चालला. १३ सप्टेंबर १९०७ रोजी साकाय आणि लुसिओ दे वेगा यांना फाशी झाली. ज्या विधानसभेसाठी साकायने शस्त्र खाली ठेवलं, ती जेमतेम महिनाभराने, १६ ऑक्टोबरला भरली. त्याच वर्षी बँडहोल्ट्झ कॉन्स्टॅब्युलरीचा प्रमुख झाला. १९१३ पर्यंत तो त्या पदावर होता.

पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात युरोपातल्या अमेरिकन फौजेच्या लष्करी पोलिसांची सूत्रं त्याच्याकडे आली. १९१९ मध्ये तो दोस्त राष्ट्रांच्या लष्करी मंडळाचा सदस्य म्हणून बुडापेस्टला गेला. तेव्हा शहर रोमानियन सैन्याच्या ताब्यात होतं. ५ ऑक्टोबरच्या रात्री हे सैनिक संग्रहालयातल्या वस्तू न्यायला आले, तेव्हा बँडहोल्ट्झने त्यांना रोखलं आणि दारांवर मोहोर लावली. १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हजारो खाणकामगारांनी शस्त्रं उचलली, तेव्हाही सरकारने त्यालाच पाठवलं. १९२५ मध्ये तो वारला.

इतिहासकार अल्फ्रेड मॅकॉय यांच्या मते, फिलिपिन्समध्ये घडलेली पाळतीची तंत्रं पुढे खुद्द अमेरिकेत वापरली गेली. बँडहोल्ट्झची कारकीर्द हे त्याचं ठळक उदाहरण मानलं जातं.

दोन पुतळे

बुडापेस्टमध्ये १९३६ साली उभारलेला बँडहोल्ट्झचा पुतळा कम्युनिस्ट राजवटीत हटवला गेला आणि १९८९ मध्ये पुन्हा त्याच चौकात आला. साकायला मात्र बराच काळ 'दरोडेखोर' हाच शिक्का घेऊन राहावं लागलं. अखेर २००८ मध्ये, त्याच्या फाशीनंतर १०१ वर्षांनी, टोंडोत त्याचाही पुतळा उभा राहिला.