स्वल्पविराम की टिंब? बिघडलेल्या स्प्रेडशीटमागचा चारशे वर्षांचा वाद

१/ संगणकाची भाषा इंग्रजीवरून जर्मन करावी, जुनी सीएसव्ही फाइल उघडावी आणि ३.५ या आकड्याच्या जागी ३ मे ही तारीख दिसावी! दोष यंत्राचा वाटतो. परंतु या गोंधळाचे मूळ सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात आहे.

२/ इ. स. १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन याने ‘द तिन्दे’ ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. व्यापारी, मोजणीदार अशा सामान्य व्यावसायिकांनाही दशांश अपूर्णांक सहज वापरता यावेत, हा तिचा हेतू होता. मात्र त्याची लेखनपद्धती अवघड होती. प्रत्येक अंकाचे स्थान तो वर्तुळातील आकड्याने दाखवीत असे.

३/ ‘लॉगरिदम’चा जनक जॉन नेपिअर याने १६१७ च्या ‘रॅबडॉलॉजिया’ या ग्रंथात सोपा मार्ग सुचविला : पूर्णांक व अपूर्णांक यांच्यामध्ये टिंब द्यावे किंवा स्वल्पविराम. हा ‘किंवा’ पुढे फार महागात पडला.

४/ १६९८ मध्ये लायब्निझने योहान बर्नुली यास पत्रातून कळविले की गुणाकाराची फुली ‘एक्स’ या अक्षरासारखी दिसते, म्हणून आपण त्या जागी टिंब वापरतो. युरोपखंडात गुणाकाराचे टिंब रुजले आणि अपूर्णांकासाठी स्वल्पविराम स्थिरावला. इंग्लंडने मात्र दशांशाचे टिंब सोडले नाही.

५/ परिणामी एकच संख्या निरनिराळी दिसू लागली. भारतात १२,३४,५६७.५०; इंग्लंड-अमेरिकेत १,२३४,५६७.५०, जर्मनीत १.२३४.५६७,५०. भारताने दशांशाचे टिंब इंग्रजी वहिवाटीतून घेतले, पण लाख-कोटींची मांडणी आपलीच ठेवली.

६/ हा वाद मिटविण्याचा प्रयत्न झाला. वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने १९४८ मध्ये ठरविले की दोन्ही चिन्हे केवळ दशांशासाठी वापरावीत. तीन-तीन अंकांचे गट करायचे तर मध्ये नुसती मोकळी जागा सोडावी. २००३ मध्येही परिषदेने दोन्ही चिन्हे ग्राह्य धरली. निवाडा झालाच नाही.

७/ १९७९ मध्ये ‘व्हिसीकॅल्क’ आले; स्प्रेडशीटचे युग अमेरिकन विरामचिन्हांनिशी सुरू झाले. पुढे ‘लोटस १-२-३’ला दशांश, हजार आणि सूत्रातील घटक यांच्या विरामचिन्हांसाठी आठ पर्याय द्यावे लागले. जेथे स्वल्पविराम दशांशासाठी खर्ची पडतो, तेथे सूत्रातील घटक वेगळे करण्यास अर्धविराम लागतो. जर्मन एक्सेलमध्ये स्वल्पविरामाचे सूत्र नाकारले जाते, ते यामुळेच.

८/ फलनांची नावेही बदलतात : इंग्रजीतील ‘सम’ जर्मनमध्ये ‘झुमे’ होते. एक्सेलच्या स्वतःच्या फाइलमधील सूत्रे उघडताना आपोआप भाषांतरित होतात. पण अवतरणचिन्हांत लिहिलेला तारखेचा साचा तसाच राहतो, आणि वर्षदर्शक इंग्रजी अक्षर जर्मन एक्सेलला कळत नाही.

९/ तथापि त्रुटीचा संदेश देणारी चूक उपकारकच म्हणावी. ती निदान दिसते. खरा धोका मुकाट चुकीचा. १.२५० म्हणजे सव्वा. जर्मन मांडणीत तोच आकडा साडेबाराशे होतो. ना इशारा, ना लाल खूण. औषधाची मात्रा असो वा हिशेबाची रक्कम, बेरीज बिनबोभाट पुढे सरकते.

१०/ उपाय कोणता? प्रथम भाषेऐवजी प्रदेशाची सेटिंग तपासावी. विंडोजमध्ये चिन्हे तेथून ठरतात. एक्सेलच्या पर्यायांतही दशांश व हजारांची चिन्हे निवडता येतात. सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिकने न उघडता डेटा आयात करून, मूळ प्रदेश सांगून घ्यावी. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात.

११/ एक पथ्य मात्र अटळ. चुकीच्या वाचनानंतर फाइल जतन झाली असेल, तर सेटिंग पूर्ववत केल्याने आकडा परत येत नाही; ३ मे ही तारीखच राहते. म्हणून मूळ फाइलची अस्पर्श प्रत जपावी.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा धडा नवा नाही. जुन्या दप्तरातील आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या मापात, कोणत्या कालगणनेत लिहिला हे पाहावे लागते. संगणकावरील आकडाही तसाच एक दस्तऐवज आहे. तो कोणत्या वहिवाटीत लिहिला गेला, हे आधी विचारावे आणि मगच बेरीज करावी.

#इतिहास #थ्रेड