दांडीवरच्या खुणा : ट्रॅक्टरच्या कोळप्याची ओळख आणि दुरुस्ती

पनवेल म्हणजे भाताचा मुलूख. खाचरात चिखलणी झाली, लावणी झाली की ओळींतून औत फिरवायचा प्रसंग येत नाही. घाटावर मात्र ज्वारी, कापूस ओळीत पेरतात. पाभरीने ज्या अंतरावर पेरलं त्याच अंतराने कोळपं चालायला हवं. अंतर चुकलं की तण राहतं आणि पीक कापलं जातं.

हे काम अमेरिकेत ट्रॅक्टरकडून नीट करून घेतलं ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या फार्मॉलने, १९२४च्या सुमारास. पोट जमिनीपासून उंच, पुढची चाकं एकमेकांलगत आणि कोळप्याची पाती चालकाच्या नजरेसमोर. औत मागे लावलं तर सारखी मान वळवावी लागते. तेवढ्यात दोन-चार रोपं गेलीच!

आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. त्यांचा बी-२७५ अनेकांना आठवत असेल. पण इथे ट्रॅक्टरच्या मागे सर्रास दिसतो तो नऊ फणांचा कल्टिव्हेटर, कुठे त्याला मोगडा म्हणतात. नाव तेच, काम निराळं. हा नांगरटीनंतर ढेकळं फोडतो. कोळपणी पुष्कळ ठिकाणी बैलांकडेच राहिली. इतिहासात शब्द टिकतो आणि वस्तू बदलते, ती अशी.

म्हणून भंगारात जुनं औत दिसलं तर आधी फणांची मांडणी बघा. मोगड्याचे फण पुढे-मागे, आलटून-पालटून असतात. सगळी रुंदी खरवडली जावी म्हणून. कोळप्यात पात्यांचे गट असतात आणि मधे पिकाच्या ओळीला मोकळी वाट. बिडाच्या भागावरचा आकडा बहुधा त्या सुट्या भागाचा असतो. त्याला मॉडेल किंवा साल समजू नका.

दुरुस्तीचं म्हणाल, तर प्लुटार्कने सांगितलेलं थीसियसचं जहाज इथे आडवं येतं. फळ्या बदलत गेल्या, मग जहाज तेच का? फाळाच्या बाबतीत मला हा प्रश्न फारसा छळत नाही. फाळ झिजायचा आणि बदलायचाच. खरी गोष्ट दांडीवर आहे. पकडी जिथे आवळलेल्या असत तिथे लोखंड घासलेलं दिसतं. दोन खुणांमधलं अंतर मोजा. पंचेचाळीस सेंटिमीटर आलं, तर ज्वारीच्या ओळींचा विचार करायला जागा आहे. कुठल्याही दप्तरात हे सापडायचं नाही. आणि लोक काय करतात? वाळूचा मारा करून दांडी चकचकीत करतात, वर लालभडक रंग! पुरावा गेला.

आधी मापं घ्या, फोटो काढा, मगच तारेचा ब्रश. गंजलेल्या नटावर हातोडा नको. डिझेलमध्ये दोन दिवस मुरू द्या, मग डिझेल पुसून, सुकवून, नट तापवा, बोल्ट नव्हे. दाबलेली स्प्रिंग असेल तर ती माहितगाराकडूनच सोडवा, नाहीतर हात जायचा. जास्तीची भोकं वेल्डिंगने बुजवू नका. आणि जो भाग नवा घालाल त्याच्या मागच्या बाजूला साल ठोकून ठेवा.