घरगुती ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रिक गिटार : नवशिक्याच्या साधनसंचाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचे कंपन पिकअपमध्ये विद्युत संदेशात रूपांतरित होते, ॲम्प्लिफायर तो संदेश वाढवितो आणि स्पीकर त्याला पुन्हा ध्वनीचे रूप देतो. या साखळीतील कोणत्या टप्प्यावर ध्वनी टिपावयाचा, हा गिटारच्या ध्वनिमुद्रणातील मूलभूत प्रश्न होय. घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या नवशिक्या वादकासमोर आज असंख्य उपकरणे असतात. त्याचे अर्थबळ मर्यादित असते आणि पहिलीच खरेदी चुकली, तर पैशाबरोबर उमेदही खर्ची पडते. ही निवड सामान्यतः किमतीची आणि नाममुद्रेची मानली जाते. वस्तुतः आज मिळणारे प्रत्येक उपकरण कधीतरी एखाद्या विशिष्ट अडचणीवरील उत्तर म्हणून जन्मास आले आहे. ती अडचण ओळखली, तर त्या उपकरणाची गरज आहे किंवा नाही हे ठरविता येते. या दृष्टीने अमेरिकेतील घरगुती ध्वनिमुद्रणाच्या वाटचालीचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. थरांचा प्रश्न

एकाच वादकाने अनेक गिटारींचा मेळ साधावयाचा, तर स्वतःचेच वादन ऐकत त्यावर नवे वादन चढवावे लागते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल (१९१५–२००९) यांनी हॉलीवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये हा प्रयोग केला. एका तबकडीवर मुद्रित केलेले वादन वाजवीत, त्यासोबत नवे वादन करून ते दोन्ही दुसऱ्या तबकडीवर कोरावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९४८ मध्ये कॅपिटॉल कंपनीने प्रसिद्ध केलेली ‘लव्हर’ ही ध्वनिमुद्रिका याच पद्धतीने तयार झाली. १९४९ मध्ये गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना ॲम्पेक्स कंपनीचे चुंबकीय फितीचे यंत्र भेट दिले. त्यास एक जादा हेड जोडून पॉल यांनी एकाच फितीवर थर चढविण्याची सोय केली. मेरी फोर्ड यांच्यासमवेतचे १९५१ मधील ‘हाऊ हाय द मून’ हे गीत या तंत्राचे प्रसिद्ध फलित होय.

या तंत्रात नवा थर चढताना जुनी नोंद पुसली जात असे. परिणामी, शेवटच्या थरातील एका चुकीने आधीचे सर्व श्रम वाया जात. प्रत्येक थर स्वतंत्र पट्ट्यावर राखणारे आठ ट्रॅकचे ॲम्पेक्स यंत्र पॉल यांच्याकडे १९५७ मध्ये आले. परंतु त्याची किंमत सुमारे १०,००० डॉलर होती. थरांचा प्रश्न सुटला, तरी तो सामान्य वादकासाठी सुटला नव्हता.

२. खर्चाचा प्रश्न

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमधील टिॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या रीळ-यंत्रांनी घरगुती वादकाला प्रथमच बहुट्रॅक मुद्रणाजवळ आणले. पुढे १९७९ मध्ये याच कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात मिक्सर आणि चार ट्रॅकचा मुद्रक एकत्र होते आणि फीत म्हणून साधी कॅसेट चालत असे. कॅसेटची अरुंद फीत दर्जाला बाधक ठरू नये, म्हणून ती नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरविली जाई आणि खरखर कमी करणारे मंडल यंत्रातच बसविलेले होते.

ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात हे यंत्र आणि दोन शुअर एसएम५७ मायक्रोफोन यांच्या साहाय्याने गीतांचे कच्चे मुद्रण केले. नंतर वाद्यवृंदासह ती गीते पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. मात्र अखेरीस घरचेच मुद्रण ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. या संग्रहात इलेक्ट्रिक गिटारचे स्थान गौण असले, तरी चार ट्रॅकच्या मर्यादेतही पूर्ण कलाकृती सिद्ध होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

३. मोठ्या आवाजाचा प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारची अडचण मात्र निराळी होती. ॲम्प्लिफायर पुरेसा तापल्याशिवाय तिचा परिचित भरदार नाद उमटत नाही आणि तसा तो तापविला, तर शेजाऱ्यांची झोप उडते. गिटार थेट मिक्सरला जोडणे हा एक मार्ग होता. बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’ या १९६८ च्या ध्वनिमुद्रिकेतील कर्कश गिटार अशाच थेट जोडणीची आहे. तथापि, गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरील कंपने फारशी उमटू देत नाही. स्पीकर वगळला की ही नैसर्गिक गाळणी नाहीशी होते आणि विकृत केलेला नाद बोचरा होतो.

अभियंते व गिटारवादक टॉम शोल्झ यांनी या अडचणीवर पद्धतशीर उपाय शोधले. ‘बोस्टन’ या वाद्यवृंदाच्या १९७६ मधील पहिल्या संग्रहाचा बराचसा भाग त्यांनी आपल्या घराच्या तळघरात मुद्रित केला होता. १९८० मध्ये त्यांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून अतिरिक्त शक्ती शोषून घेणारे ‘पॉवर सोक’ हे उपकरण आणले. १९८२ मधील ‘रॉकमन’ या कमरेला अडकविता येणाऱ्या पेटीने तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर या दोहोंची गरजच दूर केली. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीच्या ‘पॉड’ने हेच कार्य अंकीय गणिताद्वारे केले.

४. संगणक आणि विलंबाचा प्रश्न

१९९२ मध्ये विक्रीस आलेल्या ॲलेसिस कंपनीच्या ‘एडॅट’ यंत्राने आठ अंकीय ट्रॅक ३,९९५ डॉलरमध्ये दिले. त्यानंतर संगणकाने ट्रॅकची टंचाईच संपविली. ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य कार्यक्रम २००० मध्ये आणि ॲपलचा ‘गॅरेजबँड’ २००४ मध्ये आला. २०११ मधील फोकसराइटच्या ‘स्कार्लेट २आय२’सारख्या छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसनी वाद्य आणि संगणक यांतील दुवा सुलभ केला.

मात्र संगणकाने एक नवा प्रश्न निर्माण केला. तो ध्वनीचे नमुने गटागटाने हाताळतो. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेताना २५६ नमुन्यांच्या गटामुळे सुमारे ५.८ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो; येण्या-जाण्याचा मिळून तो साधारण दुप्पट होतो. गटात १,०२४ नमुने असल्यास हा एकूण विलंब ४६ सहस्रांश सेकंदांच्या घरात जातो आणि वादकाचा हात व कान यांची फारकत होते.

५. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून नवशिक्यासाठी काही निकष हाती लागतात. ऑडिओ इंटरफेसला गिटारसाठी स्वतंत्र ‘इन्स्ट्रुमेंट’ जोडणी असणे ही पहिली अट होय. पिकअपचा संदेश दुबळा असतो. सुमारे १ मेगाओहम रोध असलेल्या जोडणीत तो शाबूत राहतो, तर सुमारे १० किलोओहमच्या ‘लाइन’ जोडणीत त्याचा जोर आणि वरचे स्वर दोन्ही मावळतात. विलंब कमी ठेवणारा ड्रायव्हर ही दुसरी अट. एकटा वादक एका वेळी एक किंवा दोनच ध्वनी मुद्रित करीत असल्याने दोन जोडण्या पुरतात. त्यासोबत बंद प्रकारचे हेडफोन, उपलब्ध संगणक आणि ॲम्प्लिफायरची नक्कल करणारा विनामूल्य कार्यक्रम एवढ्यावर प्रारंभ करता येतो. मायक्रोफोन व मोठा ॲम्प्लिफायर यांची खरेदी ज्याच्याकडे मोठ्या आवाजात वाजविण्यास जागा आहे, त्यानेच करावी. इतरांनी ती लांबणीवर टाकणे इष्ट.

समारोप

थर, खर्च आणि मोठा आवाज हे तिन्ही प्रश्न सहा दशकांत क्रमाक्रमाने सुटले आणि विलंबाचा प्रश्न आटोक्यात आला. चार ट्रॅकच्या यंत्रावर कोणते वादन ठेवावे आणि कोणते पुसावे, हे वादकाला तत्काळ ठरवावे लागत असे. आज ट्रॅक अगणित आहेत, त्यामुळे हा निर्णय कितीही काळ टाळता येतो. साधने सुलभ झाली, तरी मुद्रण पूर्ण करण्याचा निर्णय साधनांवर सोपविता येत नाही. म्हणून महाविद्यालयातील संगीत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापकाने विद्यार्थ्याला उपकरणांची यादी देण्यापूर्वी त्याची नेमकी अडचण कोणती, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.