नोंदवही दूर, दार जवळ

१/ नांदेड वा लातूरच्या एखाद्या संगणक कक्षात नेटवर्क तुटते. विद्यार्थी तोच, पासवर्ड तोच; तरी एक संगणक त्याला ओळख नाकारतो आणि शेजारचा आत घेतो. या विसंगतीमागे मोठा इतिहास आहे.

२/ १९७० च्या दशकातील युनिक्समध्ये प्रत्येक यंत्राची स्वतःची नोंदवही असे. यंत्रे वाढली तशी ती सांभाळणे दुष्कर झाले. १९८३ मध्ये एमआयटीने ‘प्रोजेक्ट अथीना’ आरंभला. त्यातून ‘कर्बेरॉस’ जन्मले. ओळख पटवण्याचा अधिकार मध्यवर्ती सर्व्हरकडे गेला.

३/ विंडोज एनटीने (१९९३) डोमेन रुजवले, विंडोज २००० ने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. एकच पासवर्ड सर्वत्र चालू लागला. पण सर्व्हरशी संपर्क तुटला की सारेच अडे.

४/ म्हणून दोन तरतुदी झाल्या. पहिली : त्या यंत्रावर पूर्वी येऊन गेलेल्यांच्या पासवर्डचा पडताळा तेथेच जपणे. विंडोज सहसा शेवटच्या १० जणांचा जपते. शेजारच्या संगणकाचे रहस्य हेच! दुसरी : केवळ त्या यंत्रापुरते स्थानिक खाते.

५/ १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकूमतपन्हा’ म्हणून सांभाळला. स्थानिक खात्याचेही तसेच : अधिकार आधीच देऊन ठेवावा लागतो. संपर्क तुटल्यावर तो देणार कोण?

६/ जून २०१७. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मर्स्क समूहाचे संगणक उद्ध्वस्त केले. न्हावा-शेवा बंदरातील त्यांचे टर्मिनलही ठप्प झाले. डिरेक्टरी सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखत, परंतु ते सारे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानातील एक, कारण तेथे वीज गेली होती! भारनियमन सोसलेल्या मराठवाड्याला यातील उपरोध निराळा सांगायला नको. त्याच प्रतीवरून डिरेक्टरी पुन्हा उभी राहिली.

७/ मात्र स्थानिक विश्वासालाही किंमत असते. मध्यवर्ती नोंदवहीतून काढलेला माणूस संपर्क तुटलेल्या यंत्रात जुन्या पडताळ्यावर शिरू शकतो. सर्व यंत्रांच्या स्थानिक खात्याला एकच पासवर्ड असेल, तर एक फुटताच सारी दारे उघडतात. नॉटपेट्याही चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे यंत्रामागून यंत्रात शिरला होता. म्हणून प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा हवा आणि तो कोणाच्या हाती आहे, याची नोंद कागदावर, कुलपात हवी. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी संगणकातील नोंद वाचता येणार नाही.